सांबालातली शेपटी

ज्या हॉटेलाला माझी सासू सुक्या कोलंबीचे सोडे पुरवत होती, त्या हॉटेलाच्या मालकाला मी भर रविवारी, सगळी टेबलं भरलेली असताना, लबाड म्हणालो. त्याने तिथल्या तिथे सोडे बंद केले. म्हणजे सासूचं एकुलतं एक गिऱ्हाईक मी घालवलं.

सासू तिथे सोडे देते हे मला माहीत नव्हतं. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. बचाव करायला गेलं की प्रकरण वाढतं, हे मला कामामुळे ठाऊक आहे. मी बेलापूरला विम्याच्या कचेरीत होतो आणि माझं काम लोकांचे दावे तपासायचं. गोदाम जळालं, म्हैस मेली, ट्रक दरीत गेला, की मी जाऊन बघायचो. गोदाम आपणहून जळालं की कुणी जाळलं? मेलेली म्हैस आणि विमा उतरवलेली म्हैस एकच ना? वीस वर्षं हे केलं की माणसाची नजर बिघडते. शेजारच्यांनी सत्यनारायणाचा प्रसाद आणून दिला तरी माझ्या तोंडून आधी "का हो?" असंच निघायचं.

त्यात मी घाटावरचा. साताऱ्याकडे आमच्या गावात मासा म्हणजे मासा. त्याला वेगवेगळी नावं असतात हे मला लग्नानंतर कळलं. लग्न झालं ते उरणजवळच्या करंज्याच्या कोळ्यांच्या मुलीशी. पहिल्या वर्षी मला बोंबील आणि वाकटी यांतला फरक कळत नव्हता. दहाव्या वर्षी मी पापलेटाचे कल्ले उघडून ते कधी पकडलं ते सांगायला लागलो. बरोबर सांगत होतो की नाही, ते मला कुणी कधी बोललं नाही. सासरची माणसं जावयाला तोंडावर चुकीचं म्हणत नाहीत. या एका चालीपायी महाराष्ट्रात किती जावई वाया गेले असतील, देव जाणे.

सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्या पूर्वी पनवेलला उरण नाक्याच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायच्या. एकदा आमच्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी नेमके त्यांच्याकडूनच बोंबील घेतले, घासाघीस केली, बोलता बोलता कचेरीचं नाव निघालं आणि मामी म्हणाल्या, "आमचं जावय बी तितंच हायत!" दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांदेखत माझ्या सासूबद्दल माझे आभार मानले, का तर दोन बोंबील जास्त मिळाले होते. मी कानापर्यंत लाल झालो. त्याच रविवारी पेढ्यांचा पुडा घेऊन करंज्याला गेलो आणि ओटीवर बसून मामींना भाषण दिलं. आता वय झालं, मुलगी कमावते, जावई कमावतो, उन्हात बसायची काय गरज, आराम करा. मामी ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरं."

आमच्या कचेरीत 'बरं' म्हणजे मंजुरी. करंज्याला 'बरं' म्हणजे तुमचं बोलून झालं असेल तर चहा घ्या. हा फरक मला समजायला दोन वर्षं गेली.

दरम्यान जुन्या पनवेलीत ते मलेशियन हॉटेल निघालं. वीसेक टेबलं, लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर तिकडच्या जुळ्या मनोऱ्यांचं पोस्टर, पाटीवर माड. महिन्याभरात तिथे रविवारी रांग लागायला लागली. दाराशी वहीत नाव लिहायचं आणि फुटपाथवर उभं राहायचं. कचेरीतले लोक सोमवारी येऊन सांगायचे, काय ते सांबाल, काय तो नारळाच्या दुधातला भात! मला हे पहिल्यापासून खटकत होतं. पनवेलच्या माणसाचा मलेशियाशी संबंध किती? पामतेलाच्या डब्याएवढा. मग एकदम सगळ्यांना तिकडची चव कशी कळायला लागली? माझा अनुभव असा होता की रांग जितकी लांब तितकी काहीतरी भानगड जास्त.

आणि मग माझ्या बायकोचे बुधवार सुरू झाले.

म्हणजे ते आधीपासून चालू असणार. माझ्या लक्षात तेव्हा आले. ती शाळेत शिकवते. बुधवारी तिला शाळेतून यायला तासभर उशीर व्हायचा. विचारलं की उत्तर यायचं, मीटिंग. स्कूटरच्या पायाजवळच्या जागेला एक वास यायचा. ओळखीचा, पण नक्की कसला ते सांगता येईना. एकदा स्कूटरच्या डिकीत हवेचा पंप शोधताना मला कागदी रुमाल सापडला. त्यावर माड. हॉटेलच्या पाटीवरचाच.

"हे काय?" मी विचारलं.

"कागद," ती म्हणाली.

"ते दिसतंय. कुठला?"

"अहो, शाळेतल्या कुणीतरी डबा गुंडाळून आणला असेल. तुम्ही काय माझा पंचनामा करताय का?"

मी करत होतोच. माझा निष्कर्ष तयार होता: बायको दर बुधवारी त्या हॉटेलात एकटी जेवते. मला न सांगता. याचा राग यायचं कारण काय, तर मला नेत नाही. मी दोनदा सुचवलं, जाऊया एकदा. दोन्ही वेळा ती म्हणाली, "तिथे नको. तिखट असतं. तुमच्या पोटाला सोसणार नाही." जिच्या घरी मिरचीचा ठेचा तोंडी लावायला नाही तर पोटभर खायला करतात, तिने माझ्या पोटाची काळजी करावी! संशय पक्का झाला. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस आला, तेव्हा मी जाहीर केलं की जेवण मलेशियन हॉटेलातच होणार. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "ठीक आहे," म्हणाली. "पण तिथे काही बोलू नका. नुसतं जेवा."

आता तुम्हीच सांगा. निर्दोष माणूस असं बोलतो?

पाऊण तास फुटपाथवर काढून आत शिरलो. मालक गल्ल्याजवळ उभा होता. पन्नाशी ओलांडलेला, बारीक कापलेली पांढरी दाढी, अंगात स्वयंपाकघरातला ॲप्रन. इथलाच, पनवेलचाच कोकणी मुसलमान. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या बायकोकडे बघून अगदी किंचित मान हलवली, आणि हिने लगेच मेनूकार्ड तोंडासमोर धरलं. उलटं.

मी कार्ड वाचायला घेतलं. वर ठळक अक्षरांत: सर्व सामान थेट मलेशियाहून. खाली पदार्थ. नासी लेमाक मागवलं. नारळाच्या दुधातला भात, तळलेले शेंगदाणे, काकडीच्या चकत्या, उकडलेलं अंडं, आणि मधे लालभडक सांबाल, म्हणजे मिरची, कांदा आणि सुक्या मासळीची परतलेली चटणी. एकेक वस्तू चमच्याने बाजूला करून मी तपासत होतो. नारळ आपला. शेंगदाणे आपले. काकडी तर चक्क इथल्या नेऱ्याकडची दिसत होती. एवढ्यात वेटरने न मागता सांबालाची आणखी एक वाटी आणून हिच्यासमोर ठेवली.

"हे कुणी मागवलं?" मी.

"शेठनी दिलंय, ताईंसाठी."

"ताईंसाठीच का?"

"जेवा ना," बायको दातांतून म्हणाली.

मी जेवलो. आणि तिसऱ्या घासाला ती सापडली. शेपटी.

सोडे म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोलंबी. सोलताना सगळे शेपटीसकट साल काढतात. पण मामी शेपटीचं टोक ठेवतात. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाल्या, "शेपटी दिसली म्हंजे गिऱ्हायकाला कलतं, कोलंबी हाय, भुसा नाय." त्यांच्या आईचीही तीच रीत होती. सांबालात मला एकामागून एक असे सात सोडे मिळाले. सातही शेपटीवाले.

कुणाही सरळ डोक्याच्या माणसाला यावरून काय समजेल? हे मामींचे सोडे. बुधवार, वास, कागदी रुमाल, जास्तीची वाटी, सगळं ओळीने मांडून ठेवलेलं होतं. पण मामींनी धंदा बंद केला होता. मी बंद करा म्हणालो होतो आणि त्या 'बरं' म्हणाल्या होत्या. विषय संपला होता. तेव्हा माझ्या तपासी मेंदूने दुसराच निकाल दिला: हा माणूस करंज्यातल्या कुणाकडून तरी माल उचलतो आणि मलेशियाचा म्हणून खपवतो. गोदाम आपल्याच घरचं होतं आणि मी आग लावणारा शोधत होतो.

"शेठ, एक मिनिट."

"बोला साहेब."

"हे सांबाल मलेशियाचं?"

"हो साहेब. कसं वाटलं?"

मी चमच्यात एक सोडा घेऊन वर धरला. "आणि हे? हेपण विमानाने आलं?"

टेबलाखाली माझ्या पायावर पाय पडला. मला वाटलं, चुकून.

"कोलंबी आहे साहेब. सुकी."

"कोलंबी आहे ते मला दिसतंय. मी शेपटीबद्दल विचारतोय. ही शेपटी करंज्याची आहे. इथून तासाभरावर. आणि तुम्ही छापलंय, थेट मलेशियाहून. आमच्या कचेरीत याला लबाडी म्हणतात."

माझा आवाज मुळात मोठा. दावेदारांशी बोलून आणखी मोठा झालेला. आजूबाजूचे चमचे थांबले. शेजारच्या टेबलावर जाड भिंगाचा चष्मा लावलेले एक काका होते, ते बायकोला म्हणाले, "म्हणजे उरणचे सोडे खायला आपण पाऊण तास उन्हात उभे होतो!" मागून एक बाई म्हणाली, "तरीच मेलं ओळखीचं लागत होतं." कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

मालक हसला नाही. त्याचा चेहरा पडला होता. "साहेब, लबाड मला आजवर कुणी म्हटलेलं नाही," तो म्हणाला. आत गेला, सोड्यांनी भरलेली मोठी प्लॅस्टिकची बरणी घेऊन बाहेर आला आणि ती सगळ्यांना दिसेल अशी गल्ल्यावर ठेवली. "हे आजपासून बंद. पुढच्या रविवारी पाकीट असेल. तिकडचं, शिक्क्यासकट. मग तर झालं?"

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी फार बरं वाटत होतं. कुणीतरी टाळ्या वाजवतील असंही वाटून गेलं.

"चला," बायको म्हणाली. तिचं ताट तसंच होतं.

नवीन पनवेलकडे जाताना उड्डाणपुलाच्या चढावर तिने स्कूटर बाजूला घ्यायला लावली. उतरली. पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला आणि वर्गात धडा समजावतात तशा आवाजात म्हणाली, "ते सोडे आईचे आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे आईने सोलले, आईने वाळवले, बुधवारी एस.टी.ने आणले आणि मी स्टँडवरून या स्कूटरवर घालून हॉटेलात पोचवले. दोन वर्षं."

"पण मामींनी तर बंद केलं होतं!"

"तुम्ही बंद केलं होतंत. तुमच्या त्या भाषणानंतर ती दोन महिने नुसती ओट्यावर बसून होती. शेजारणी विचारायच्या, आजारी हायस काय गो? बसून खायचं तिला जमत नाही. बाजारात बसले तर जावयाला लाज वाटते म्हणाली, म्हणून हे हॉटेल मी शोधलं. कुणाला दिसायचं नाही, कुणी काही बोलायचं नाही."

बाजूने ट्रक जात होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "किती माल शिल्लक आहे?"

"तीन गोण्या. पावसाआधी सगळा घेतो असा त्याचा शब्द होता, म्हणून सबंध हंगाम तिने दुसऱ्या कुणाला मूठभरसुद्धा दिला नाही. आता महिन्यात पाऊस येईल. दमट हवा लागली की बुरशी. मग खाडीत."

"मी घेतो," मी म्हणालो.

"तीन गोण्या सोडे? आपल्या बाल्कनीत?" ती मागे बसली. "चला आता. आणि हळू चालवा, मला हसू येतंय की रडू ते मला कळत नाहीये."

त्या रात्री मी मामींना फोन केला. त्यांनी विचारलं, "जेवलात काय?" हो म्हणालो. "मंग झोपा." फोन ठेवला. त्यांना कळलंय की नाही? कळलं असेल तर बोलत का नाहीत? नसेल कळलं तर आवाज असा का? झोप कसली येते.

सोमवारी दुपारी अर्धी रजा टाकून मी हॉटेलात गेलो. गर्दी नव्हती. मालक एका मगातून दुसऱ्या मगात हातभर उंचीवरून चहा ओतत होता, असा फेसाळ चहा ही तिकडची खासियत म्हणे. मला बघून थांबला नाही. एक ग्लास माझ्यासमोर ठेवला. मी त्या चहाकडे जरा निरखून पाहिलं. त्याने ते बघितलं.

"साखरच आहे साहेब. पनवेलची."

मी सांगितलं: चुकलो, सोडे माझ्या सासूबाईंचे, मला माहीत नव्हतं, त्यांचा माल बंद करू नका.

"मावशींचे जावई तुम्ही?" त्याने दोन्ही मग खाली ठेवले. "या अल्ला. ताई मावशींच्या मुलगी, हे मला कुणी सांगितलंच नाही."

मग बसला. चौदा वर्षं मलेशियात पेनांगला खानसामा होता, म्हणाला. तिथे किनाऱ्यावर बायका अशाच जाळी पसरून कोलंबी वाळवत बसतात. वास अगदी हाच. पहिल्या वर्षी त्या वासाने त्याला घर आठवून रडू यायचं. इथे परत आल्यावर त्याला पाकिटातला माल पसंत पडेना, मग एक दिवस ताई डब्यातून नमुना घेऊन आल्या. "मसाला तिकडचा आणतो साहेब, हात तिकडे शिकलेला. पण सोडे मावशींच्यासारखे तिकडेही नाहीत."

"मग कार्डावर तसं का छापलंत?"

"छापणाऱ्याने सुचवलं. दिसायला चांगलं दिसलं. राहू दिलं."

"पण ते खोटं होतं, हे तुम्ही मान्य करता?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "साहेब, तुम्ही माफी मागायला आलात की चौकशीला?"

मी चहा प्यायलो. चांगला होता.

"तुमच्या सासूबाईंशी माझं काही वाकडं नाही," तो शेवटी म्हणाला. "पण माझी इज्जत तुम्ही चारचौघांत काढलीत. ती इथे एकट्यात, चहा पिऊन परत येत नाही. रविवारी या. त्याच वेळेला. जे बोललात ते लोकांसमोर मागे घ्या. मग बघू."

आठवडाभर मी मजकूर लिहीत होतो. बायकोला वाचून दाखवला, तर म्हणाली, "अर्धा काढा." मी पाव काढला.

रविवारी दीड वाजता हॉटेल भरलेलं. भिंगाच्या चष्म्याचे काकाही आलेले. आता मलेशियाचं शिक्कामोर्तब झालेलं सांबाल खायला. गल्ल्यावर मुंबईहून मागवलेलं पाकीट मांडून ठेवलेलं होतं. मालकाने मला खूण केली. मी उभा राहिलो.

"मंडळी, गेल्या रविवारी मी या गृहस्थांना लबाड म्हणालो. ते लबाड नाहीत. तो शब्द मी परत घेतो."

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती. पण पुढे तीन परिच्छेद होते.

"ते सोडे अव्वल दर्जाचे होते. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण ते माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या हाताने वाळवलेले आहेत."

मग काकांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"म्हणजे तुमच्याच घरचा माल?"

"हो. म्हणजे माझा नाही. सासूबाईंचा."

"आणि गेल्या रविवारी तुम्हाला ते माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"तुमची सासू. तुमची बायको शेजारी बसलेली. आणि तुम्हाला माहीत नव्हतं."

"नाही."

काकांची एक भुवई वर गेली. ती भुवई मी ओळखली. वीस वर्षं तीच माझ्या कपाळावर होती. असा दावा माझ्यासमोर आला असता तर मी पहिल्या पानावरच नामंजूर केला असता.

"अहो, जाहिरात आहे ही!" काका वळून सगळ्यांना म्हणाले. "आधी भांडायचं, मग येऊन गोडवे गायचे. दोघंही सामील आहेत!"

"तरीच म्हटलं, शेपटी एवढी बरोबर कशी ओळखली," मागची बाई म्हणाली.

"तसं नाही हो," मी म्हणालो, "मी शपथेवर सांगतो..." आणि इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकलो होतो की 'शपथेवर सांगतो' म्हणणाऱ्यावर कुणीही विश्वास ठेवू नये. दारापाशी एक कुटुंब उठलं आणि चपला शोधायला लागलं.

मालकाने कपाळाला हात लावला. "साहेब, बसा. मेहेरबानी करा, बसा. आता पाकीटही नको आणि सोडेही नकोत. मी सांबालच बंद करतो."

मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती.

दारातून मामी येत होत्या. डोक्यावर पाटी, पाटीवर फडकं. हिने फोन करून बोलावलं होतं. माझा मजकूर ऐकल्यावर लगेच, असं नंतर कळलं. रांगेतल्या लोकांनी वाट दिली, कारण त्या पाटीला वाट न देणं शक्यच नव्हतं. मामींनी पाटी मधल्या टेबलावर टेकवली, भिंतीवरच्या मनोऱ्यांकडे एकदा बघितलं आणि मालकाला म्हणाल्या, "भाई, ते पाकीट आना."

त्याने आणलं. मामींनी ते दातांनी फाडलं, चार सोडे तळहातावर घेतले, हुंगले आणि काकांच्या नाकासमोर धरले.

"घ्या, वास घ्या. कसला येतो?"

"कसलाच नाही," काका म्हणाले.

"मशिनीत वाललाय. ऊन बगितलंच नाय त्याने." मग पाटीवरचं फडकं काढून आपले चार सोडे धरले. "आता ह्यो घ्या."

काकांनी वास घेतला आणि मान मागे नेली. मग परत पुढे आणली.

"पण मावशी," ते म्हणाले, आवाज बराच खाली आलेला, "इथे मलेशियन लिहिलंय. तुमचे सोडे मलेशियन कसे?"

"तुमच्या घरी पुरनपोली होते?"

"होते की."

"गूल तुमच्या दारात पिकतो काय?"

"नाही."

"मंग पोली कोनाची? गूलवाल्याची का तुमच्या बायकोची? मी वालवलं, यानी रांधलं. रांधनारा जितं शिकला तितली चव. त्यात लबारी कसली?"

काकांच्या बायको पहिल्यांदाच बोलल्या. "बरोबर आहे," म्हणाल्या, "आणि हे गेल्या रविवारपासून मला सांगतायत, उरणचंच घरी कर म्हणून. घरी करून झालं की म्हणतात, तसं लागत नाही."

हसणं पसरलं, पण या वेळचं वेगळं होतं. चपला शोधणारं कुटुंब परत बसलं. मालक पुढे आला. "चूक माझीही आहे," तो सगळ्यांना म्हणाला. "मसाले तिकडचे आहेत, सोडे करंज्याचे. सांगायला लाजलो. कार्ड बदलतो." मग मामींकडे वळला. "मावशी, गोण्या कधी येतील?"

"बुदवारी. तीनी. पन पावसाआदी उचला, मंग मी नाय ठेवनार."

"उचलतो."

"आन पाकीट परत आनलंत तर माज्याकडं येव नका."

"नाही आणणार."

झालं. माझ्या तीन परिच्छेदांना जे जमलं नाही ते पाटी उतरवून पाच मिनिटांत झालं. लोक उठून पाटीभोवती जमायला लागले. मागची बाई हात घालून शेपट्या बघत होती. मी अजून उभाच होतो, हातात कागद. वाटलं, आता निदान एक वाक्य तरी बोलावं, समारोपाचं. मी घसा साफ केला.

काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, मग मामींना विचारलं, "मावशी, हे गृहस्थ खरंच तुमचे कोण?"

मामी सोडे हातात घेऊन मापत होत्या. वर बघितलंही नाही.

"ते? आमचं जावय हायत. लय शिकलेलं हायत, त्यांच्याकं लक्ष देव नका."